पाय उचलला, तरी काटा वर का?

सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या पुलावरून कुर्ल्याकडे उतरताना खाली गाड्यांची रांग दिसते. चालक ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाकतो आणि उतारावर सोडून देतो. अशा वेळी आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, काट्याकडे लक्ष दिले, तर बऱ्याच गाड्यांत तो हजार-अकराशेच्या आसपास थबकलेला दिसतो. गाडी पूर्ण थांबली की सेकंद-दोन सेकंदांत तो साडेसातशे-आठशेवर येऊन बसतो. पाय तेव्हाही उचललेला होता आणि आत्ताही उचललेलाच आहे. मग गाडी घरंगळत असताना इंजिन जास्त का फिरत होते?

'स्लो वाढलाय, जरा कमी करून द्या' असे सांगत गॅरेज गाठणारे कमी नाहीत. पण ज्या गाड्यांत असे नेहमीच, ठरल्यासारखे होते, त्यांत तो बिघाड नसतो. इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, तो वेग मुद्दाम धरून ठेवलेला असतो.

आधी गाडी उभी असतानाचे पाहू. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांची इंजिने तीन सिलिंडरची असतात. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा स्फोट होतो. म्हणजे ८०० आरपीएमला तीन सिलिंडरमध्ये मिळून मिनिटाला १,२०० स्फोट, सेकंदाला २०. दोन स्फोटांमध्ये एक-विसांश सेकंदाची पोकळी राहते आणि तेवढा वेळ फ्लायव्हील आपल्या वजनाच्या जोरावर इंजिन फिरते ठेवते. ३,००० आरपीएमला हीच पोकळी जवळजवळ चौथ्या हिश्शावर येते. म्हणून वेगात पळणारे इंजिन सहसा बंद पडत नाही, पण आयडलिंगला, म्हणजे पाय उचललेला असताना मंद, फिरणारे इंजिन कायम काठावर उभे असते. त्यातच एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, हेडलाइट लागले, स्टिअरिंग वळले, की त्याच्यावर एकदम भार येतो.

हा भार सांभाळायची रीत मला इंजिनातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. जास्त ताकद हवी तर जास्त हवा आत घ्यायला हवी. पण थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडल्यावर हवा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवेच्या नळ्यांमध्ये, भरून सिलिंडरपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात इंजिन बंद पडू शकते. म्हणून संगणक आयडलिंगला स्पार्क मुद्दाम जरा उशिरा देतो. त्यामुळे थोडी ताकद वाया जाते, पण ती राखीव राहते. भार आला की पुढचाच स्पार्क लवकर दिला जातो आणि ताकद त्याच क्षणी मिळते. मागून हवा पोहोचली की स्पार्क पुन्हा जागेवर. तुम्ही सिग्नलला उभे असता तेव्हा ही देवाणघेवाण सेकंदाला कितीतरी वेळा चाललेली असते.

आता घरंगळणारी गाडी घ्या. अडीच हजारांवर फिरणारे इंजिन क्लच दाबताच चाकांपासून सुटते आणि त्याचा वेग झपाट्याने पडतो. त्याला थेट ८०० वर आणायला गेले, तर पडण्याच्या जोरात ते ८०० च्याही खाली जाईल आणि बंद पडेल. चालत्या गाडीत इंजिन बंद पडणे धोक्याचे. त्यामुळे चाकांचा वेग सांगणारा सेन्सर जोवर 'गाडी चालते आहे' असे कळवतो, तोवर संगणक दोन-तीनशे आरपीएम हातचे राखतो. चालक कुठल्याही क्षणी पुन्हा गिअर टाकेल, याचीही ती तयारी असते.

आणखी एक कारण धुराचे आहे. हवेच्या नळीत पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात पेट्रोलाचा पातळ थर आतल्या भिंतींवर बसलेला असतो. थ्रॉटल झटकन मिटला, तर मॅनिफोल्डमधला दाब एकदम घसरतो, तो थर भर्रकन उडून आत जातो आणि न जळलेले इंधन बाहेर पडते. म्हणून पाय झटक्यात काढला, तरी संगणक थ्रॉटल हळूहळू मिटतो.

हे सगळे न्यूट्रलमधले. गाडी गिअरमध्येच ठेवून पाय उचलला, तर गोष्ट पार बदलते. थ्रॉटल मिटलेला, इंजिन गरम आणि आरपीएम दीड हजाराच्या वर, असे दिसले की संगणक इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल शून्य. इंजिन फिरत राहते ते चाकांच्या जोरावर. गाडीच इंजिनाला फिरवते. वेग उतरत आरपीएम साधारण बारा-तेराशेवर आले की पेट्रोल पुन्हा सुरू होते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सावकाश मंदावू दिली, तर त्या क्षणी अगदी हलका धक्का जाणवतो. मायलेज दाखवणारा पडदा असेल, तर पुरावा डोळ्यांसमोर मिळतो. गिअरमध्ये पाय उचलताच आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो, न्यूट्रल टाकताच खाली येतो. कारण न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या बळावर जिवंत राहावे लागते आणि त्यासाठी पेट्रोल जाळावे लागते.

तरीही 'उतारावर न्यूट्रल म्हणजे बचत' हा समज मुंबईत इतका घट्ट का बसला? त्याचे उत्तर याच जोडरस्त्यावरच्या कुर्ल्यात आहे. तिथल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांवर इथल्या टॅक्सीवाल्यांच्या पिढ्या गाडी शिकल्या. १,०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि पेट्रोल द्यायला कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटरला गाडी गिअरमध्ये आहे की नाही, हे कळत नाही. थ्रॉटल मिटला, की खालच्या पोकळीच्या ओढीने आयडल जेटमधून पेट्रोल येतच राहते. गिअरमध्ये असताना तेच पेट्रोल खर्च होई आणि वर इंजिन गाडीला मागे ओढी. न्यूट्रलमध्ये तेवढ्याच पेट्रोलात गाडी लांबवर जाई. त्या काळातल्या चालकांचा हिशोब अगदी चोख होता.

तो हिशोब बदलला इंधन इंजेक्शनमुळे. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक होऊ लागले आणि मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या स्कूटर-मोटारसायकलीही इंजेक्शनवर आल्या. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे युग संपले. गाडी गेली, तिची सवय मात्र मागे राहिली.

आकडे प्रामाणिकपणे मांडायचे तर बचत दोन्हीकडे लहानच आहे. छोटे पेट्रोल इंजिन आयडलिंगला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. ताशी ०.६ लिटर धरले, तर ३० सेकंदांच्या उतारावर न्यूट्रलमध्ये ५ मिलिलिटर जळते, म्हणजे चहाचा एक चमचा. गिअरमध्ये तेवढेही नाही. पुढे मोकळा, सपाट रस्ता असेल, तर न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब जाते हेही खरे, कारण इंजिनाची ओढ तिला नसते. पण मुंबईच्या कुठल्याही पुलाखाली मोकळा रस्ता क्वचितच भेटतो. पुढे थांबायचेच असेल, तर फुकट मिळणारी इंजिनाची ओढ सोडून ब्रेक झिजवण्यात काही अर्थ नाही.

आणि चमचाभर इंधनापेक्षा मोठा प्रश्न जिवाचा आहे, विशेषतः न्यूट्रलच्याही पुढे जाऊन इंजिनच बंद केले तर. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका ट्रकने एकामागून एक अनेक गाड्या चिरडल्या. इंधन वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. मोटारीत ब्रेकला मदत करणारी पोकळीही बहुधा इंजिनाकडूनच मिळते. इंजिन बंद केल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबला, की पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंग जड होते ते वेगळेच. खंडाळ्याच्या घाटात तर गिअर हाच पहिला ब्रेक समजायला हवा.

गॅरेज कधी गाठायचे, तेही सांगतो. काटा एका जागी न थांबता खाली-वर हिंदकळत असेल, घरंगळताना क्लच दाबताच गाडी बंद पडत असेल, किंवा थांबल्यावरही आरपीएम दीड-दोन हजारांवर अडून राहत असेल, तर काहीतरी बिघडले आहे. अनेकदा थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन किंवा एखाद्या फाटक्या नळीतून शिरणारी हवा हेच कारण निघते. बॅटरी काढून पुन्हा बसवल्यावर मात्र थोडा वेळ काटा भरकटला, तर घाबरू नका; काही गाड्यांत संगणक आयडलिंग नव्याने शिकत असतो.

एरवी घरंगळताना काटा अकराशेवर दिसला, तर त्याला हात लावू देऊ नका. उतार आला, पुढे रांग दिसली, की पाय लवकर उचला आणि गिअर तसाच राहू द्या. गाडी अगदी मंदावली आणि इंजिन गुरगुरू लागले, की मग क्लच दाबा.