रोज पंधरा मिनिटे स्वतःसाठी

"दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" वस्तीत विषय काढला की हेच उत्तर मिळते. ते खोटेही नाही. रोवणीत दिवसभर वाकून उभ्या असलेल्या बाईला कष्ट कोणी शिकवायची गरज नाही.

पण रोवणी आणि धानकापणी वर्षभर नसते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात कितीतरी आयाबहिणी मांडी घालून तासन्‌तास विड्या वळतात. बोटे चालतात, बाकी शरीर बसून राहते. दुकानात, कार्यालयात बसणाऱ्या भावांचेही तेच. थकवा येतो, पण हृदयाला व्यायाम मिळत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात महाराष्ट्रातील सुमारे ९१ टक्के लोक फावल्या वेळात कसलाच व्यायाम करत नसल्याचे दिसले.

आता तैवानचे उदाहरण पाहा. तेथे १९९६ ते २००८ या काळात ४ लाख १६ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास झाला. फावल्या वेळात रोज सरासरी १५ मिनिटे व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, काहीच न करणाऱ्यांपेक्षा १४ टक्के कमी आढळले. त्यांचे आयुर्मानही सुमारे ३ वर्षांनी अधिक होते.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते. तेवढे जमत नसेल, तर १५ मिनिटांपासून सुरुवात करू या.

चालणे आपल्याला परके नाही. भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले. आजार कमी होतात आणि खाल्लेले नीट पचते, हे त्यांतलेच दोन. संध्याकाळी वंदनेला विहारात जमतोच. पंधरा मिनिटे आधी निघून सगळ्यांनी मिळून चालावे. सोबत असली की बायकांना संकोच वाटत नाही आणि खंडही पडत नाही. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

काळजीही घ्यावी. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप लागली तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे, भरपूर पाणी प्यावे, ऊन आणि अतिश्रम टाळावेत.

मालकासाठी, घरासाठी आपण दिवसभर राबतो. त्यातली पंधरा मिनिटे आपल्या शरीराची आहेत. ती आजपासूनच काढू या.