प्रलयातून तरलेले सूक्ष्म जीव

वऱ्हाडची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील ही माती काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली. तो पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थिजलेला लाव्हारस होय.

त्याच काळात पृथ्वीवर मोठा अनर्थ ओढवला. आजच्या मेक्सिको देशाच्या किनाऱ्यावर एक प्रचंड लघुग्रह आदळला. धुरळ्याने आकाश झाकोळले, सूर्यप्रकाश अडला. महाकाय डायनोसॉर नाहीसे झाले; जीवांच्या सुमारे तीन चतुर्थांश जाती लोपल्या. सागरात तरंगणाऱ्या, चुन्याचे कवच धारण करणाऱ्या फोरॅमिनीफेरा या एकपेशीय जीवांच्याही बहुतेक जाती नष्ट झाल्या.

मग तरले कोण? ज्यांना ठरावीक खोली, ठरावीक उष्णता व ठरावीक अन्न लागे, ते डौलदार, मोठ्या कवचांचे जीव गेले. गुम्बेलिट्रिया नावाचा इवलासा जीव मात्र टिकला. त्याचा आकार मिलिमीटरच्या दशांशाएवढाही नसे. बदलत्या पाण्यात तो तग धरी आणि त्याची वंशवृद्धी झपाट्याने होई. ओसाड रानात प्रथम तण माजावे, तसा तो रित्या सागरात माजला. काही सूक्ष्म वनस्पतींनी दुसरीच युक्ती योजिली. कठीण कोश धारण करून त्या तळाशी निद्रिस्त राहिल्या. मृगाच्या सरींची वाट पाहत गवताचे बी उन्हाळाभर मातीत पडून राहते, तसेच हे.

या कथेचा पुरावा वऱ्हाडापासून फार दूर नाही. अमरावतीच्या ईशान्येस, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचे गाव आहे. तेथे लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक थर दबलेला आहे. त्यात अनर्थानंतर लवकरच जगलेल्या फोरॅमिनीफेरांची कवचे सापडल्याचे शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केले. समुद्राचा एखादा फाटा त्या काळी तेथवर पोचला असावा, असे अनुमान त्यांनी काढले. आज समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे!

वाचलेल्या मूठभर जातींपासून काही सहस्र वर्षांतच नव्या जाती उत्पन्न होऊ लागल्या. परंतु सागराचे पूर्वीचे वैभव परत येण्यास लक्षावधी वर्षे लागली. जीवसृष्टी चिवट आहे, यात शंका नाही. तथापि मोडलेले पुन्हा उभारण्यास तिला जो अवधी लागतो, त्यापुढे मानवाचा सारा इतिहास क्षणमात्र होय. म्हणूनच जे आहे ते जपणे श्रेयस्कर.