भिंतींतलें भोंक आणि त्याची खूण

भिंतीला फळी बसविण्याचें काम बिघडतें, तें बहुधा भोंक पाडतांना नव्हे. त्याच्या आधीं, पेन्सिलीनें खूण करतांना. विजेवर चालणारें गिरमिट, ज्याला दुकानांत ड्रिल म्हणतात, तें आतां पुष्कळ घरांतून आलें आहे. तें क्षणार्धांत भोंक पाडतें खरें, पण चुकीच्या जागींही तितक्याच तत्परतेनें पाडतें. लांकडांतलें चुकलेलें भोंक पाचर मारून बुजवितां येतें. भिंतीचा गिलावा ढासळला म्हणजे मात्र शेजारीं अर्ध्या इंचावर दुसरें भोंक पाडण्याची सोय राहात नाहीं. दोन्ही भोंकें एकमेकांत मिसळतात आणि प्लग कोणत्याच भोंकांत घट्ट बसत नाहीं.

वरळी कोळीवाड्यासारख्या दाट वस्तींत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. किल्ल्याच्या आसऱ्याला, समुद्राच्या कांठीं, घराला घर लागून उभें. खोल्या लहान, म्हणून जें जमिनीवर मावत नाहीं तें भिंतीवर चढतें आणि पितळेच्या डब्यांनीं भरलेल्या फळीखालींच रात्रीं कोणाचें तरी अंथरूण पडतें. फळी तिथें नीट बसली पाहिजे, ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि होडी, जाळीं यांच्या डागडुजीबरोबर घरांतलीं राहिलेलीं कामेंही याच दिवसांत निघतात.

पहिली अडचण समपातळीची. जुन्या घराची जमीन उतरती, तुळई किंचित वांकलेली. त्यांपासून मापें घेऊन फळी लावली तर तीही त्यांच्याइतकीच तिरकी बसते. डोळ्यावर तर मुळींच विसंबूं नये. स्वस्तांतला आणि चोख उपाय म्हणजे पारदर्शक नळी. तींत पाणी भरावें, मध्यें हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये (बुडबुडा राहिला तर नळी खुशाल खोटें सांगते), दोन्ही टोंकें भिंतीशीं उघडीं धरावींत आणि पाणी स्थिर झालें कीं दोन्हीकडे रेघ मारावी. खोली कितीही वांकडी असो, त्या दोन रेघा एकाच पातळींत असतात. उभ्या रेघेसाठीं ओळंबा आहेच. दोऱ्याला बांधलेलें जाळ्याचें शिसेंही तेंच काम करतें.

दुसरी अडचण मापाची. समजा, सहा सहा इंचांवर पांच खुंट्या लावावयाच्या आहेत. पहिलीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी असें मोजीत गेल्यास दर वेळची चूक पुढच्या मापांत मिळत जाते. प्रत्येक वेळीं अर्धा सूतच जास्त पडलें, तरी चौथ्या अंतराच्या शेवटीं दोन सूत, म्हणजे पाव इंच फरक पडतो. म्हणून मापनपट्टी एकदां लावून पहिल्या खुणेपासूनच सहा, बारा, अठरा, चोवीस अशा सर्व खुणा कराव्यात. चार कोपऱ्यांची चौकट असेल तर दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. ते सारखे भरले नाहींत तर चौकट काटकोनांत नाहीं.

खूण टिंबाची करूं नये, फुलीची करावी आणि तिचे हात लांब ठेवावेत. गिरमिट लागतांच टिंब धुळींत नाहींसें होतें. फुलीचे हात मात्र भोंकाबाहेर दिसत राहातात आणि टोंक सरकलें कीं लगेच कळतें. फुलीच्या मध्यावर टोच्यानें लहान खळगी करावी, नाहीं तर टोंक घसरतें. गिलाव्याखालीं विटांचा सांधा असेल तर तें मऊ चुन्याकडे ओढलें जातें. म्हणून आधीं बारीक भोंक पाडून मग मोठें करावें. बटणाच्या सरळ वर, खालीं वा आडव्या रेषेंत भोंक पाडणें टाळावें. तिथून विजेची तार गेलेली असण्याचा संभव फार. मेन स्विच बंद केल्यावांचून शंकास्पद जागीं हात घालूं नये.

लांकडाची तऱ्हा निराळी. होडीच्या फळींत खिळा ठोकण्यापूर्वीं भोंक पाडतात तें लांकूड चिरूं नये म्हणून. आणि दोन खिळे रेषाच्या एकाच ओळींत येऊं नयेत म्हणून खुणा किंचित मागेंपुढें केलेल्या बऱ्या. घरांत फळीच्या कडेला अगदीं चिकटून भोंक पाडणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

सर्वांत सोपी युक्ति अशी कीं, सगळ्या खुणा आधीं करूंच नयेत. ब्रॅकेटाचें एकच भोंक पाडून तें एका खिळ्यावर सैल टांगावें, ओळंब्याशीं जुळवावें आणि दुसरी खूण ब्रॅकेटाच्याच भोंकांतून पेन्सिल घालून करावी. मग माप चुकण्याला जागाच उरत नाहीं. मळसूत्री खिळे मात्र न गंजणाऱ्या पोलादाचे किंवा पितळेचे घ्यावेत. खाऱ्या वाऱ्यांत साधें लोखंड गंजून फुगतें आणि नीट पाडलेलें भोंकही आंतून सैल करून टाकतें.