७१ सेकंदांच्या शांततेनंतर

अमेरिकी गायिका रोझान कॅश यांच्या जानेवारी २००६मध्ये आलेल्या ‘ब्लॅक कॅडिलॅक’ या अल्बमच्या सुरुवातीला वडिलांचा, गायक जॉनी कॅश यांचा, जुना ध्वनिमुद्रित आवाज लेकीला हाक मारतो, आणि शेवटी ७१ सेकंद काहीच ऐकू येत नाही. वडील गेले ते ७१व्या वर्षी, आईही ७१व्याच. या हाकेच्या आणि शांततेच्या मध्ये रोझान यांचा सगळा शोक आहे. मे २००३मध्ये सावत्र आई जून कार्टर गेली, सप्टेंबरात वडील, ऑक्टोबरात सावत्र बहीण. २४ मे २००५ रोजी जन्मदात्री आई व्हिव्हियन गेली, त्या दिवशी रोझान यांना ५० वर्षं पूर्ण झाली. गाणी लिहिली की मन हलकं होतं, असं आपण सहज म्हणून जातो. ‘ब्लॅक कॅडिलॅक’ ऐकताना मात्र तसं जाणवत नाही. तिथे दुःख नेमक्या शब्दांत मांडलेलं आहे, सरलेलं नाही. माझ्या मते रोझान यांच्या गाण्यात आनंद परतला तो पुढच्या आठ वर्षांत, आणि स्वतःच्या दुःखावर आणखी लिहून नव्हे. नजर स्वतःवरून उठून दुसऱ्यांच्या गाण्यांकडे, दुसऱ्यांच्या घरांकडे गेली, तेव्हा तो आला.

नोव्हेंबर २००७मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठल्यावर त्यांनी हाती घेतली ती १९७३ सालची एक यादी. अठरा वर्षांच्या मुलीला कितीतरी जुनी गाणी ठाऊकच नाहीत हे लक्षात आल्यावर जॉनी कॅश यांनी १०० गाणी लिहून दिली होती. त्यातली बारा निवडून २००९मध्ये ‘द लिस्ट’ आला. ही वडिलांच्या सावलीत माघार होती, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण ज्या मुलीने तीन दशकांहून अधिक काळ ती यादी बाजूला ठेवून स्वतःचं नाव स्वतःच्या गाण्यांवर कमावलं, तिने पन्नाशीनंतर ती उघडणं ही माघार कशी म्हणायची? यात स्वतःबद्दल एक ओळही लिहायची नव्हती. अनेक गळ्यांतून आलेलं गाणं आपल्या गळ्यातून पुढे द्यायचं होतं, आणि त्या गायनात मला पहिल्यांदा मोकळा श्वास ऐकू येतो.

मग अमेरिकेच्या दक्षिणेचे रस्ते सुरू झाले. अर्कान्सासमधल्या डायस इथलं जॉनी कॅश यांचं बालपणीचं घर अर्कान्सास स्टेट विद्यापीठाने पुन्हा उभं करायला घेतलं होतं. १९३०च्या दशकातल्या मंदीत गरीब शेतकऱ्यांसाठी सरकारने वसवलेली ही वसाहत. भोवती कापूस, आणि जमीन अशी की १८११-१२च्या भूकंपांनी खचलेला तो सारा मुलूखच ‘बुडालेली जमीन’ म्हणून ओळखला जातो. रोझान यांनी त्यावर गाणं केलं ते आजीच्या कष्टांचं. वडिलांच्या बँडमधले बेसवादक मार्शल ग्रँट २०११मध्ये गेले, ते त्या घरासाठीच्या कार्यक्रमाकरिता आले असताना. त्यांच्यावरचं गाणं मृत्यूपाशी थांबत नाही. ते एका जोडप्याच्या जन्मभराच्या संसाराकडे आणि रोजच्या सकाळच्या साध्या विचारपुशीकडे पाहतं. शोकगीताची जागा अशी संसाराच्या कौतुकाने घेतलेली मी फार थोड्या वेळा ऐकली आहे.

ही गाणी २०१४मध्ये ‘द रिव्हर अँड द थ्रेड’मध्ये आली. कुणी म्हणेल, यातही मेलेली माणसं आहेत, युद्ध आहे, पूर आहे. मग आनंद कुठला? आनंद म्हणजे हसरे विषय असं धरलं तर तो इथे सापडणार नाही. पण पती जॉन लेव्हेन्थल यांच्या गिटारींची चाल ऐका, गाण्यागणिक बदलणारी माणसं पाहा; हे सगळं जग पुन्हा न्याहाळावंसं वाटणाऱ्या मनाचं काम आहे. पुढच्या वर्षी या अल्बमला तीन ग्रॅमी मिळाले. ते रोझान यांच्या कसबाचं कौतुक होतं. मनाचा पुरावा म्हणून मी ते वापरणार नाही. त्यापेक्षा अमेरिकी यादवी युद्धातून न परतलेल्या सैनिकाचं गाणं ऐकावं. ते रोझान यांनी लेव्हेन्थल आणि पहिले पती रॉडनी क्रोवेल यांच्यासोबत, तिघांनी मिळून लिहिलं, आणि शेवटी जॉन प्राइन, क्रिस क्रिस्टॉफरसन यांच्यासारखे कितीतरी स्नेही एकत्र येऊन ते कोरसमध्ये म्हणतात. आठ वर्षांपूर्वी जिथे ७१ सेकंदांची शांतता होती, तिथे आता एवढे गळे आहेत.