सहा तबकड्या, एक लेन्स

यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातलं जुनं कपाट उघडा, सीड्यांचा गठ्ठा हमखास निघेल. कुठे २००१च्या जनगणनेचे तक्ते, कुठे कोशांचे संच, कुठे पुस्तकांसोबत आलेल्या आणि पाकिटातून कधीच बाहेर न पडलेल्या सीड्या. एकाच ड्राइव्हमध्ये त्या पाळीपाळीने घालायच्या म्हणजे नुसती उठबस. यावरचा जुना उपाय म्हणजे चेंजर, अनेक सीड्या पोटात ठेवून हवी ती वाचणारा ड्राइव्ह. तो भंगारातून हाती लागला, तर लिनक्सवर चालवता येतो.

पायोनियरचा डीआरएम-६०४एक्स घ्या. याच्या मॅगझीनमध्ये सहा तबकड्या बसतात, पण वाचणारी लेन्स एकच. मागितलेली तबकडी यंत्र ओढून आत घेतं, फिरवून वेग धरतं आणि मगच पहिला बाइट मिळतो. यात काही सेकंद जातात. पुढची सगळी मांडणी या एका अडचणीभोवती फिरते.

हा चेंजर स्कझी जातीचा आहे, म्हणजे एकाच केबलवर साखळीसारखी अनेक उपकरणं जोडायच्या पद्धतीचा. त्याला ० ते ६ पैकी मोकळा क्रमांक द्या. ७ बहुधा संगणकातल्या स्कझी कार्डाने घेतलेला असतो. केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवाच. आधी चेंजर चालू करा, मग संगणक, कारण साखळीवर कोण कोण आहे याची तपासणी संगणक सुरू होताना होते. भारनियमनानंतर वीज आली की दोन्ही एकदम चालू होतात आणि चेंजर सापडतच नाही, तो याच कारणाने.

आता लन, म्हणजे उपक्रमांक. एकाच स्कझी क्रमांकाखाली सहा तबकड्या ० ते ५ अशा सहा लनवर दिसतात. जुन्या कर्नलमध्ये ‘सर्व लन तपासा’ हा पर्याय बंद असेल, तर एरवी फक्त पहिलीच तबकडी सापडते आणि माणूस केबल हलवत बसतो. पण कर्नलमध्ये अशा आडमुठ्या उपकरणांची एक यादीच आहे. तिच्यात या पायोनियरपुढे दोन शेरे आहेत: तो पर्याय बंद असला तरी सगळे लन तपासायचेच, आणि एका वेळी एकच लन चालवायचा. लेन्स एकच आहे हे कर्नललाही ठाऊक आहे, ते असं.

सगळं जमलं की एसआर-० ते एसआर-५ अशी सहा उपकरणं दिसतात. प्रत्येकासाठी वेगळी डिरेक्टरी करा आणि एफएसटॅब या फाइलमध्ये ‘फक्त वाचन’ आणि ‘आपोआप माउंट नको’ असं लिहा. डेस्कटॉपची ‘नवी सीडी आली का’ ही सततची विचारपूस बंद करा. नाहीतर ती सहाही लनना पाळीपाळीने विचारत राहते आणि यंत्र दिवसभर तबकड्या आत-बाहेर करत खडखडतं.

आयडीई जातीच्या चेंजरची रीत निराळी. तिथे उपकरण एकच दिसतं आणि इजेक्ट आज्ञेला ‘-सी’ जोडून खाना निवडावा लागतो. खाने शून्यापासून मोजतात, आणि सीडी माउंट असेल तर बदल होत नाही.

एवढं करून चार विद्यार्थी चार वेगवेगळ्या सीड्या एकदम वाचू लागले तर? एसटीच्या एकाच खिडकीवर चार गावांच्या रांगा लागाव्यात तसं होतं. चेंजरचा अर्धा वेळ अदलाबदलीतच जातो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चेंजरवरून वाचकांना सेवा देऊच नका. एका सीडीत साधारण ६५० एमबी मावतात. अशा शंभर सीड्या आजच्या साध्या हार्डडिस्कच्या कोपऱ्यात बसतात. चेंजर वापरायचा तो फक्त प्रतिमा, म्हणजे अख्ख्या सीडीची एक फाइल, काढण्यासाठी. मॅगझीन भरा, डीडी आज्ञेने एकामागून एक प्रतिमा काढा, मूळ सीडीशी चेकसम ताडून पाहा आणि त्या प्रतिमा लूप पर्यायाने माउंट करा. प्रतिमा काढण्याची कामं कधीही एकाच वेळी लावू नका. एक संपलं की दुसरं.

ओरखडे पडलेली आणि कडा पिवळट झालेली सीडी मात्र मॅगझीनमध्ये घालू नका. ती साध्या ड्राइव्हवर, सगळ्यात आधी वाचून घ्या.