सन १७२३ : सुरांची चाकरी

सन १७२३ च्या एप्रिल महिन्यात जर्मनीतील लाइप्झिग नगराच्या नगरसभेपुढे जो विषय होता तो वरकरणी अगदी किरकोळ होता. सेंट थॉमस चर्चला जोडलेल्या शाळेतील गायनशिक्षकाची, म्हणजे कॅन्टरची, जागा आदल्या जूनपासून रिकामी पडली होती आणि ती एकदाची भरावयाची होती. प्रथम जिची निवड झाली त्या ग्येओर्ग फिलिप टेलेमान या नामांकित व्यक्तीने त्या निवडीचा उपयोग हँबुर्ग येथील आपल्या धन्यांकडून वेतनवाढ पदरात पाडून घेण्याकडे केला आणि तेथेच राहणे पसंत केले. नंतर ज्याच्याकडे सभासदांचे लक्ष वळले तो क्रिस्टोफ ग्राउप्नर याच शाळेचा जुना विद्यार्थी होता व यावयास राजीही होता, परंतु डार्मस्टाटच्या अधिपतीने त्यास चाकरीतून मोकळे करण्याचे साफ नाकारले आणि वर त्याचा तनखा वाढवून दिला. तेव्हा प्लाट्झ नामक एका सभासदाने, उत्तम माणूस मिळत नसेल तर मध्यम प्रतीच्या माणसावर भागवून घ्यावे, अशा आशयाचे मत दिले, आणि कारकुनाने ते इमानेइतबारे दप्तरात नोंदवून ठेवले. त्या ‘मध्यम प्रतीच्या’ जागी अखेर जो नेमला गेला तो योहान सेबास्टिअन बाख होय.

या नोंदीवरून बिचाऱ्या प्लाट्झची आजवर पुष्कळ चेष्टा झाली आहे, पण ती मला न्याय्य वाटत नाही. सभासदांना हवा होता तो शाळेतील एक शिक्षक, आणि त्या जागेच्या कर्तव्यांत मुलांना लॅटिन शिकविण्याचाही समावेश होता. बाखपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि लॅटिनचे तास त्याने पुढे स्वतःच्या पदरचे पैसे देऊन एका सहकाऱ्याकडे सोपविले. शिवाय कीर्तीच्या बाबतीत त्या काळच्या जर्मनीत टेलेमानचे स्थान बाखच्या कितीतरी वर होते. प्लाट्झने आपल्या काळाचाच निर्णय बोलून दाखविला, एवढाच त्याचा अपराध.

बाखही काही आनंदाने उड्या मारीत आला नाही. क्योथेनच्या लिओपोल्ड या संगीतप्रेमी राजपुत्राच्या दरबारी तो मुख्य संगीतकाराच्या मानाच्या हुद्द्यावर होता, आणि तेथून शाळामास्तराच्या पायरीवर उतरणे त्यास कमीपणाचे वाटले, हे त्याने सात वर्षांनी एका जुन्या मित्रास लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने सांगितले आहे. परंतु राजपुत्राने १७२१ च्या अखेरीस विवाह केला, नव्या राणीस संगीताची गोडी नव्हती, आणि दरबारातील उत्साह ओसरू लागला. उलट लाइप्झिग येथे विद्यापीठ होते व बाखचे मुलगे वाढत्या वयाचे होते. त्याच पत्रात एक विलक्षण तक्रार आहे. या जागेचे सुमारे ७०० थालर उत्पन्न बव्हंशी लग्ने आणि अंत्यविधी यांच्या दक्षिणेतून येत असे, आणि त्यामुळे ज्या वर्षी नगराची हवा निरोगी असेल त्या वर्षी कॅन्टरच्या मिळकतीला खोट बसते! जगातील एका श्रेष्ठ कलावंताचा संसार लोकांच्या मरणावर असा अवलंबून होता.

मे महिन्याच्या ५ तारखेस त्याने करारनाम्यावर सही केली. नगराधिपतीच्या परवानगीवाचून गाव सोडू नये; चर्चमधील संगीत फार लांबू देऊ नये; ते ऑपेरासारखे न वाटता श्रोत्यांच्या मनात भक्तिभाव जागविणारे असावे; अशी त्यातील कलमे होती. २२ तारखेस घरसामानाने भरलेल्या चार गाड्या आणि कुटुंबाच्या दोन बग्ग्या क्योथेनहून येऊन पोहोचल्या, ही वार्ता हँबुर्गच्या वृत्तपत्रानेही छापली. आणि लगेच ३० मे रोजी, सेंट निकोलस चर्चमध्ये, नव्या कॅन्टरचा पहिला कॅन्टाटा गायिला गेला.

कॅन्टाटा म्हणजे त्या त्या रविवारच्या बायबल-वाचनाला धरून रचलेले, समूहगान, एकलगान आणि वाद्यवृंद यांनी मिळून साधारण वीस-पंचवीस मिनिटांत सादर करावयाचे संगीत. त्या काळाच्या बहुतेक सर्व रचनांप्रमाणे याच्याही तळाशी खर्जातील एक अखंड स्वरपंक्ती चालत असते, आणि तिच्यावरील स्वरसंवाद ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्ड वाजविणारा केवळ अंकांच्या खुणा पाहून ऐनवेळी भरीत जातो. बाखने या पहिल्या वर्षात जुन्या रचनांची थोडीफार डागडुजी करून आणि बहुतांशी नव्या रचून दर रविवारी व सणावारी एकेक कॅन्टाटा उभा केला. म्हणजे रचना करावयाची, पत्नी, मुले आणि शिष्य यांच्या मदतीने प्रत्येक वादकाची प्रत उतरवून काढावयाची, शाळेतील पोरांकडून ती बसवून घ्यावयाची, आणि रविवार उरकतो न उरकतो तोच पुढच्या रविवारास लागावयाचे. २ जुलैच्या सणासाठी केलेल्या कॅन्टाट्यातील एक सुरावट आज जगभर चर्चमधील लग्नांत वाजते, आणि ती ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ती अशा लगबगीत निर्माण झाली हे ठाऊक असते. आपल्याकडे पियानो शिकणारी मुले ज्या ‘इन्व्हेन्शन्स’वर बोटे घासतात, त्यांच्या स्वच्छ प्रतीवरही १७२३ हेच साल आहे. या घाईमुळे संगीत उथळ झाले असते तर नवल वाटले नसते. ते झाले नाही, आणि मला तर असे वाटते की दर आठवड्याच्या या सक्तीनेच बाखच्या प्रतिभेला तिचा खरा विस्तार दाखविला.

चाकरीची अशी कलमे त्या वर्षी इतरत्रही लिहिली जात होती. व्हेनिसमधील पिएता या अनाथाश्रमाच्या विश्वस्तांनी, जेथील मुलींचे वादन ऐकावयास युरोपभरचे प्रवासी येत, जुलैमध्ये असे ठरविले की आंतोनिओ विवाल्दीने दरमहा दोन कॉन्चेर्तो पुरवावेत, प्रत्येकास एक सेक्विन हे सोन्याचे नाणे द्यावे, आणि तो प्रवासात असेल तर टपालखर्च आश्रमावर पडू नये. लंडनमध्ये हँडेलची स्थिती अधिक सुखाची होती : जानेवारीत त्याच्या ‘ओत्तोने’ या ऑपेरात फ्रांचेस्का कुझ्झोनी ही इटालियन गायिका प्रथम लंडनच्या रंगभूमीवर आली आणि शहर वेडे झाले, फेब्रुवारीत त्यास राजाच्या चॅपलचा रचनाकार म्हणून नेमणूक मिळाली, आणि उन्हाळ्यात त्याने ब्रुक स्ट्रीटवर जे घर भाड्याने घेतले त्यातच पुढे १७५९ साली त्याचा अंत झाला.

तथापि त्या वर्षी युरोपातील कोणाही जाणकारास वर्षाची सर्वांत मोठी संगीतघटना कोणती असे विचारले असते, तर त्याने यांपैकी एकीचेही नाव न घेता प्राग नगराकडे बोट दाखविले असते. सम्राट सहावा चार्ल्स याचा बोहेमियाचा राजा म्हणून तेथे अभिषेक व्हावयाचा होता, आणि त्यानिमित्त २८ ऑगस्ट रोजी, सम्राज्ञीच्या वाढदिवशी, दरबारी संगीतकार योहान योसेफ फुक्स याचा ‘कोस्तान्झा ए फोर्तेझ्झा’ हा ऑपेरा किल्ल्यावरील उघड्या रंगमंडपात झाला. योहान योआखिम क्वान्त्स या बासरीवादकाच्या आठवणीनुसार त्यात शंभर गायक आणि दोनशे वादक होते, आणि तो सोहळा पाहावयाचा म्हणून त्याने स्वतः इतर मातब्बर संगीतकारांसह वाद्यवृंदातच चाकरी पत्करली. फुक्स संधिवाताने इतका जर्जर झाला होता की सम्राटाने त्यास व्हिएन्नाहून पालखीतून आणविले आणि आपल्याजवळ बसविले. संचालन अंतोनिओ काल्दारा याने केले. एवढा थाट ज्याच्यासाठी झाला तो ऑपेरा आज क्वचितच ऐकावयास मिळतो, आणि फुक्सचे नाव उरले आहे ते मुख्यतः १७२५ साली त्याने छापलेल्या, हायडनसारख्यांनी गिरविलेल्या, संगीतरचनेच्या पाठ्यपुस्तकामुळे.

बाख त्या शाळेत सत्तावीस वर्षे राहिला, नगरसभेशी वेतन, अधिकार आणि मुलांची निवड यांवरून वारंवार भांडला, आणि २८ जुलै १७५० रोजी वारला. त्याच्या जागी येणाऱ्या गॉटलोब हारेर याची परीक्षा नगरसभेने त्यापूर्वी वर्षभर, १७४९ च्या जूनमध्येच, बाख हयात असताना, घेऊन ठेवली होती.