शंखाच्या कडेवरची तीनशे वर्षे

किनाऱ्यावरून जिवंत शंख आणला की पहिले काम म्हणजे आतला मऊ जीव काढून टाकणे. संग्राहकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. रंग कपाटात जपला आणि रंगारी फेकून दिला.

त्या रंगाऱ्याकडे नीट पाहिले ते 1709 साली फ्रान्सच्या रेओम्यूरने. कवच आतल्या आत फुगून वाढते, असे मानणारे तेव्हा होते. रेओम्यूरने बागेतल्या गोगलगायींची कवचे फोडली आणि भोक व अंग यांच्यामध्ये पातळ चामड्याचा तुकडा सरकवला. नवे कवच धरले ते चामड्याखाली, अंगाच्या बाजूला. वरचे भोक तसेच राहिले. कवच अंगातून पाझरते, हे ठरले. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग माझ्या वाचनात दुसरा नाही.

पाझरणारा अवयव म्हणजे प्रावार, अंगाभोवतीची पातळ मांसल घडी. तिच्या कडेतून आधी प्रथिनांचे आवरण येते, त्याखाली कॅल्शियम कार्बोनेटचे थर बसतात. कडेवरच्या काही पेशी रंग सोडतात. त्याच पेशी अखंड सोडत राहिल्या तर वाढीच्या दिशेने पट्टा उमटतो. सगळ्या मिळून मध्येमध्ये थांबल्या तर कडेला समांतर रेघा. काम शेजारणीकडे सरकत गेले तर रेघ तिरकी. कवडीचा प्रावार दोन्ही बाजूंनी पाठीवर चढतो, म्हणून तिला ती झिलई.

विसाव्या शतकाच्या आरंभी जपानने प्रावाराच्याच ऊतीचा तुकडा कालवात रोवून गोल मोती घडवला. आपल्याकडे तुतिकोरीनजवळ 1973 मध्ये ते साधले. मोत्याची छटा बरीचशी तुकडा देणाऱ्या कालवावर ठरते.

नक्षीचे कोडे मात्र उरले होते. 1952 मध्ये गणितज्ञ ट्युरिंगने रसायनांच्या परस्परक्रियेतून नक्षी उमटू शकते असे गणिताने दाखवले. गीरर आणि माइनहार्ट यांनी 1972 मध्ये उत्तेजक आणि रोधक द्रव्यांची कल्पना मांडली. माइनहार्टने पुढे ती शंखांना लावली. 1986 मध्ये अर्मेंट्राउट, कॅम्पबेल आणि ऑस्टर यांनी काम मज्जातंतूंकडे दिले: प्रावार कडेवरची आधीची नक्षी चाचपतो आणि पुढचा थर त्यावरून ठरवतो. 2009 मध्ये हे प्रतिमान कवचाच्या आकारापर्यंत विस्तारले. मला ही दुसरी वाट अधिक पटते. कवच खंड पडत वाढते, आणि प्रत्येक खंडानंतर जिवाला आदल्या रेघेशी जुळवून घ्यावेच लागते.

शंख हाती आला तर आधी तोंडाची कड पाहा. सर्वांत ताजी रेघ तिथे असते, आणि सर्वांत जुनी शेंड्याला.